कॉर्विन काउंटीतलं एक माणूस

"झाकू की उघडं ठेवू?" रोसाल्बाने मला विचारलं.

तिच्या हातात निळं ब्लँकेट होतं आणि समोर पिकअप गाडीच्या मागच्या हौद्यात देवी उभी होती. हातभर उंचीची, लाकडाची, गालांवर गुलाबी रंग आणि अंगात जरीचा झगा. गाडीभोवती तीसचाळीस माणसं जमली होती आणि ती सगळी माझ्या तोंडाकडे बघत होती. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, मार्लो नावाच्या गावात, मांसाच्या कारखान्यामागच्या गल्लीत रविवारी सकाळी हा प्रसंग चालला होता. मेक्सिकोच्या देवीचं तोंड झाकायचं की उघडं ठेवायचं, हे बार्शीच्या एका मुलीने ठरवायचं होतं.

ही वेळ माझ्यावर का आली ते सांगितलं पाहिजे, नाहीतर मी थापा मारते असं वाटेल.

सोलापूरला संख्याशास्त्र शिकून मी फिरतफिरत आयोवात पोचले होते आणि राज्याच्या लोकसंख्या कचेरीत कामाला लागले होते. जनगणनेचे आकडे आले की त्यांचे नकाशे करायचे, हे माझं काम. राज्याच्या नव्व्याण्णव काउंट्या. काउंटी म्हणजे आपल्याकडचा तालुकाच समजा, फक्त माणसं कमी आणि मका जास्त. दोन हजार सालच्या जनगणनेचे आकडे आले त्या वर्षी जो तो एकच नकाशा मागत होता: मूळची मेक्सिकोकडची, ग्वाटेमालाकडची माणसं कुठल्या काउंटीत किती आहेत? शाळांना हवा होता, दवाखान्यांना हवा होता, चर्चना हवा होता. मी तो मन लावून केला. कारखान्यांच्या गावांभोवती गडद नारिंगी, मग फिका, मग अगदी साईसारखा.

आणि काही काउंट्या पांढऱ्या. पाचपेक्षा कमी माणसं असतील तिथे आकडा छापायचा नाही, रंग भरायचा नाही, असा नियम होता. एवढ्याशा गावात "दोन" असं छापलं तर ते दोघं कोण हे सगळ्या गावाला कळतं. नोकरीच्या पहिल्या दिवशी उजवा हात वर करून मी तशी शपथ घेतली होती. आमचे साहेब डग लिंडक्विस्ट फार मऊ माणूस होते, घरच्या बागेतले दोडक्याएवढे भोपळे सगळ्यांच्या टेबलांवर ठेवून जायचे. या एका बाबतीत मात्र ते कडक होते. न छापलेला आकडा स्वतःच्या आईलासुद्धा सांगायचा नाही, असं त्यांनी बजावलं होतं. माझी आई बार्शीत होती आणि तिला आयोवाच्या काउंट्यांशी काडीचं देणंघेणं नव्हतं, पण मी मान डोलावली. शपथ मोडली तर नोकरी जाणार, नोकरी गेली की व्हिसा जाणार, आणि व्हिसा गेला की बार्शीला माझी मावशी तीन स्थळांचे फोटो घेऊन तयारच होती.

त्या पांढऱ्या काउंट्यांमध्ये कॉर्विन नावाची एक होती. बाकीच्यांत तीन होते, चार होते, म्हणजे नवरा-बायको, एखादं लेकरू असं काहीतरी असणार. कॉर्विनमध्ये एक होतं. फक्त एक माणूस. बाई की बाप्या, म्हातारं की तरणं, माझ्या तक्त्यात काही नव्हतं. पण तो आकडा माझ्या मनातून जाईना. रविवारी जेवताना मला वाटायचं, आज ते काय करत असेल? मीही त्या काळात बरीच एकटी होते, म्हणून असेल. मला त्या एकाची चक्क काळजी वाटायची.

आता रोसाल्बा. कचेरीच्या मागच्या रस्त्यावर तिचं दुकान होतं. तोर्तिया म्हणजे मक्याच्या गरम पोळ्या, वाळलेल्या लाल मिरच्या आणि कोथिंबिरीच्या घसघशीत जुड्या यांसाठी मी तिथे जायचे आणि तासभर अडकायचे. पंचावन्नची विधवा बाई, शेताच्या या टोकावरून त्या टोकाला हाक मारायची सवय असलेला आवाज. मला ती "मिहा" म्हणायची, म्हणजे लेकी, आणि मी फार वाळले आहे असं तिचं ठाम मत होतं. मेक्सिकोतलं ला लोमा हे तिचं गाव. अर्धं गाव आयोवात कामाला आलं होतं आणि दहा काउंट्यांत पांगलं होतं. गावची देवी कांदेलारिया, तिची एक मूर्ती त्यांनी इकडे आणली होती आणि ती घरोघर मुक्कामाला फिरायची. एका घरून उठली की गाड्यांच्या रांगेने, गाणी म्हणत दुसऱ्या घरी. त्या वर्षी रोसाल्बा देवीची मानकरीण होती. पुरुषाशिवाय, एकट्या बाईने हा मान घेतल्याची ही पहिलीच वेळ.

माझा नकाशा तिने दुकानाच्या भिंतीवर लावला होता. छापलेला नकाशा कुणालाही मिळायचा, त्यात काही चोरी नव्हती. त्यावर टाचण्या टोचून ती देवीचा रस्ता आखायची. या रस्त्याची त्यांच्यात एक रीत होती. ज्या मुलखात आपली माणसं आहेत तिथून जाताना देवीचं तोंड उघडं ठेवायचं. जिथे आपलं कुणीच नाही तिथे झाकायचं. का, तर अनोळखी मुलूख बघून तिला परकं वाटतं आणि ती रुसते, आणि रुसली की समजूत काढायला थेट ला लोमापर्यंत न्यावी लागते. रोसाल्बाने हे मला इतक्या सरळपणे सांगितलं की मलाही ते पटलं. उलट बाजूही तितकीच कडक होती. आपलं माणूस राहतं तिथून तोंड झाकून नेली तर तो त्या माणसाचा अपमान. एका मानकऱ्याच्या हातून असं झालं होतं, तर त्याच्या मुलांच्या लग्नांना गावाने पाऊल टाकलं नव्हतं.

त्या रविवारी देवी मार्लोहून ब्रॅडिश काउंटीत जाणार होती आणि मधे कॉर्विन होती. सगळ्यांनी आधीच ठरवून टाकलं होतं की कॉर्विनमध्ये कोण असणार, झाका. हे ठरवणाऱ्यांत पुढे होते फर्मीन नावाचे एक म्हातारे. कारखान्यात तीस वर्षं सुरी चालवून निवृत्त झालेले, पांढऱ्या मिशा, रविवारची खास टोपी. इथे आलेला आपल्यातला पहिला माणूस मी, अडुसष्ट साली आलो, हे ते हवापाण्याच्या गप्पांतही सांगायचे. बाईमाणसाला मान दिला हे त्यांना आवडलेलं नव्हतं आणि रोसाल्बाची चूक कधी होते याची ते वाट बघत होते. नकाशात पांढरं आहे, विषय संपला, असं ते म्हणाले.

रोसाल्बाने नकाशाच्या कोपऱ्यातली बारीक अक्षरं वाचली होती. पांढरं म्हणजे पाचपेक्षा कमी. कमी म्हणजे चारही असतील, एकही असेल, शून्यही असेल. आणि नकाशा करणारी बाई तर शेजारीच उभी होती.

मी सांगितलं, मला बोलायची परवानगी नाही. फर्मीन म्हणाले, म्हणजे कुणी नाही. ब्लँकेट हातात धरूनच रोसाल्बाने तोच प्रश्न पुन्हा विचारला.

"मिहा, आकडा नको सांगूस. झाकू की उघडं ठेवू, एवढंच सांग."

मला डग साहेब आठवले. मावशी आठवली, तिन्ही फोटोंसकट. मग ते एक माणूस मनात आलं, घराच्या खिडकीत उभं असलेलं, आणि समोरून आपलीच देवी डोक्यावरून ब्लँकेट घेऊन चाललेली. हे माझ्याच्याने होईना.

"उघडंच राहू दे," मी म्हणाले.

रोसाल्बाने ब्लँकेटची घडी केली, हौद्यात टाकली आणि मला म्हणाली, आता तू वर चढ आणि देवीला धर, तोंड उघडं ठेवायला तू सांगितलंस. ते न्यायाला धरूनच होतं. मी चढले, ब्लँकेटवर बसले आणि दोन्ही हातांनी देवीच्या कमरेला मिठी मारली.

ऑक्टोबरचे दिवस होते, मक्याची कापणी चालू होती. दहाबारा गाड्यांची रांग, बायकांची गाणी आणि सगळीकडे धुरळा. मार्लोची टिल्डन काउंटी संपली, हिरवी पाटी आली: कॉर्विन. गाणं थोडं हळू झालं. सगळे डावीकडे उजवीकडे बघायला लागले. शेत, धान्याची उंच टाकी, शेत, एक कुत्रं, पुन्हा शेत. फर्मीन आमच्या मागच्याच गाडीत होते. प्रत्येक घर मागे पडलं की ते खिडकीतून हात बाहेर काढायचे आणि पंजा उलटा करून मला विचारायचे, कुठे आहे? मी देवीचा झगा नीट करायचं नाटक करायचे.

खरं सांगायचं तर माझी पाचावर धारण बसली होती. तो आकडा दीड वर्षापूर्वीचा होता. तेवढ्यात ते माणूस नोकरी बदलून गेलं असेल. रात्रपाळी करून पडदे लावून झोपलं असेल. मेलंही असेल. किंवा कुणीतरी अर्ज भरताना चुकीच्या चौकोनात खूण केली असेल, असंही होतं. आणि मी एका शिळ्या आकड्याच्या भरवशावर रोसाल्बाची सगळी अब्रू उघड्या गाडीत घालून निघाले होते. तिला सगळ्यांसमोर मान परत करायला लावतील, फर्मीन तो घेतील, आणि माझ्या शपथेची बातमी कचेरीपर्यंत जाईल ती वेगळीच. मी देवीला मराठीत सांगितलं, बाई, तू तरी रुसू नकोस.

फेनली हे कॉर्विनमधलं त्यातल्या त्यात मोठं गाव. गावाच्या मधोमध रेल्वेचं फाटक. आम्ही पोचलो आणि घंटी वाजून फाटक पडलं. मक्याची लांबलचक मालगाडी आली, अर्धी पुढे गेली आणि जागेवर थांबली. पुढे जाता येईना, मागे वळता येईना. आमची रांग भर रस्त्यात उभी राहिली. फर्मीन खाली उतरून रोसाल्बाच्या खिडकीशी गेले आणि ते काय बोलत होते हे ऐकू आलं नाही तरी कळत होतं.

फाटकाला लागून एक छोटं पांढरं घर होतं. अंगणात एक म्हातारी झाडाखालची पानं गोळा करत होती. पांढरे आखूड केस, दोरीला बांधलेला चष्मा, अंगात शाळेच्या फुटबॉल संघाचं नाव लिहिलेला ढगळ सदरा. आयोवात अशी म्हातारी दर अंगणात एक असते. हिचा वर्ण तेवढा माझ्या आत्यासारखा गव्हाळ होता. गाड्यांची रांग दिसली तशी ती सरळ उभी राहिली. चष्मा लावला. मग हातातलं दाताळं झाडाला टेकवलं आणि अंगण ओलांडून, रस्ता ओलांडून ती थेट आमच्या गाडीपाशी आली. माझ्याकडे तिने बघितलंही नाही. ती देवीकडे बघत होती.

"ही कांदेलारिया ना?" तिने विचारलं. अस्सल आयोवाच्या इंग्रजीत, पण देवीचं नाव मात्र रोसाल्बा घ्यायची अगदी तसंच.

रोसाल्बा दार उघडून धावत आली आणि स्पॅनिशमध्ये तिच्यावर प्रश्नांचा भडिमार केला. म्हातारीने हात वर केला. हळू बोला, म्हणाली, ही भाषा ऐकून मला साठ वर्षं झाली.

तिचं नाव ओपल हेंड्रिक्स. जन्माचं नाव कोन्सुएलो. तिचा बाप याच रुळांचं काम करायला मेक्सिकोहून आला होता. रुळांच्या कडेला रेल्वेचे जुने डबे टाकून दिलेले असत, त्यांत ही कुटुंबं राहायची, आणि त्यांच्या डब्याच्या भिंतीवर आईने कांदेलारियाचं चित्र चिकटवलेलं होतं. पुढे रुळांचं काम दुसरीकडे गेलं, डबे रिकामे झाले, माणसं निघून गेली. ही धान्याच्या टाकीवरच्या हेंड्रिक्सच्या प्रेमात पडली होती, म्हणून राहिली. नवरा जाऊनही बारा वर्षं झाली होती. हे सगळं तिने गाडीच्या कठड्यावर हात ठेवून, भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं.

फर्मीननी टोपी काढली आणि आदबीने आपली ओळख करून दिली. सवयीने तेही सांगितलं, मी इथे अडुसष्ट साली आलो.

"हो का?" ओपल म्हणाली. "मी इथेच जन्मले. एकवीस साली."

फर्मीनची टोपी हातातच राहिली.

मालगाडी हलली, फाटक उघडलं, पण आमच्यातलं कुणी हललं नाही. रोसाल्बाने रस्त्याच्या मधोमध उभं राहून निकाल दिला. जिने देवीला नावाने ओळखलं तिच्या दारावरून देवी पुढे जाणार नाही. ब्रॅडिशवाले थांबतील. मग कुणीतरी गाड्या बाजूला घेतल्या, फर्मीननी स्वतः देवी उचलली आणि अंगणातली पानं तुडवत सगळी माणसं त्या छोट्या घरात शिरली. ब्रॅडिशसाठी नेलेले तमालेचे, म्हणजे मक्याच्या वाफवलेल्या वड्यांचे डबे तिथेच उघडले गेले. ओपलने फ्रीजमधून हिरव्या जेलीत गाजराचा कीस घातलेला तिकडचा तो प्रसिद्ध प्रकार काढला आणि पहिली वाटी फर्मीनना दिली. त्यांनी ती संपवली. एवढं सोशिक माणूस मी पुन्हा पाहिलं नाही. बाहेरच्या खोलीत देवी टीव्हीवर विराजमान झाली, शेजारचे गोरे म्हातारे-म्हाताऱ्या काय चाललंय ते बघायला आले आणि ताटली घेऊन बसले. रोसाल्बा घरभर मालकिणीसारखी फिरत होती. मला ओलांडून जाताना तिने माझ्या गालाचा इतक्या जोरात मुका घेतला की माझा चष्मा पडला.

मी स्वयंपाकघरात जाऊन बसले, कारण मला रडू येत होतं आणि ते बाहेर बरं दिसलं नसतं. ओपल तव्यावर पॅनकेक घालत होती. माझ्याकडे पाठ करूनच ती बोलायला लागली.

तिची मुलगी ओमाहाला असते, म्हणाली. ती म्हणते, आई, तू आता हेंड्रिक्स आहेस, तुला भाषा येत नाही, तू त्या मेक्सिकनवाल्या चौकोनात खूण कशाला करतेस? जनगणनेचा अर्ज येतो ना, त्यातल्या.

"मी दर दहा वर्षांनी करते," ती म्हणाली. "आधी त्यांनी तो चौकोन ठेवायलाच उशीर केला. ठेवला तेव्हापासून एकदाही चुकवलं नाही. हे कुणीतरी कुठेतरी बसून मोजत असेल की नाही? त्याला तरी कळू दे, कॉर्विनमध्ये मी आहे."

तिने पॅनकेक उलटला, गॅस बारीक केला आणि पहिल्यांदाच वळून मला नीट न्याहाळलं. तू काही यांच्यातली दिसत नाहीस, म्हणाली. मी म्हटलं, मी भारतातली. इतक्या लांबून येऊन तू इथे करतेस काय, असं तिने विचारलं.

शपथेत माझं स्वतःचं काम सांगायला मनाई नव्हती.

"मी राज्याच्या कचेरीत आहे," मी म्हणाले. "ते अर्ज येतात ना, त्यांची मोजणी माझ्याकडे असते."

ओपल चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिली. बाहेर बायकांनी पुन्हा गाणं धरलं होतं. मग ती टेबलाशी आली, माझ्या ताटलीत गरम पॅनकेक वाढला आणि शाळेतून उशिरा आलेल्या पोरीला विचारावं तसं तिने विचारलं, "मग यायला एवढा उशीर का लावलास?"